जिभेखालचा शब्द

आंबेखणच्या देवळात गाऱ्हाणे घालायचे तर ते कृष्णनाथ गावकरानेच, हे गावात ठरूनच गेले होते. मोपाच्या कातळसड्याखालच्या त्या गावात त्याच्यापेक्षा शिकलेले होते, विमानतळ झाल्यापासून पैसेवालेही बरेच झाले होते. पण देवापुढे नारळ ठेवून उभे राहिले की त्यांची जीभ अडखळे. कृष्णनाथाची अडखळत नसे. आजार असो, हरवलेले जनावर असो, कोर्टात गेलेला बांध असो, तो असा काही मांडी की देवालाही नाही म्हणणे जड जावे. प्रत्येक वाक्याशेवटी जमलेले गावकरी "व्हय म्हाराजा" म्हणत, आणि मागणे गावाच्या नावावर देवाकडे पोचे. या जिभेचा त्याला गर्व होता. चारचौघांत तो तसे दाखवत नसे एवढेच.

त्या वर्षी काजू उशिरा लागला आणि मग एकदम आला. पहाटेपासून कृष्णनाथ आणि देवकी उतारावर वाकून बोंडे गोळा करीत. काठीच्या टोकाला खिळा, तो बोंडात टोचायचा आणि बोंड टोपलीत सोडायचे. तरीही दुपारपर्यंत कंबर धरायचीच. काजूच्या चिकाने देवकीच्या बोटांची साले निघाली होती. टोपल्या भरल्या की त्या खाली दारूच्या भट्टीकडे आणायच्या. तिथे कातळात कोरलेल्या कोळमीत त्यांचा मुलगा साईश अनवाणी उतरून बोंडे तुडवायचा, रस काढायचा. पोटऱ्यांपर्यंत पिवळा झालेला, घामाने निथळणारा आपला मुलगा पाहिला की कृष्णनाथाला मनापासून बरे वाटे.

बरे वाटण्याला कारण होते. हरमलच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये कामाला होता तेव्हा साईशला गर्दचा, त्या तपकिरी पुडीचा नाद लागला. दोन पावसाळे त्याने घर पोखरले. तांब्याची भांडी गेली, देवकीच्या पाटल्या गेल्या, आणि गावकरांच्या घरातला पोर न्हाणीघराच्या दाराला कडी लावून तासन्‌तास बसू लागला. मग गणपतीची चवथ झाली आणि पोर आपोआप ताळ्यावर आला. रोज सकाळच्या बसने म्हापशाला जायचा, गॅरेजात काम शिकतो म्हणायचा, दुपारी परत येऊन जेवायचा आणि कामाला लागायचा. अंगावर मांस धरले. रात्री घोरू लागला. हे आपल्या गाऱ्हाण्यामुळे झाले अशी कृष्णनाथाची खात्री होती, आणि पोराच्या हाताला गॅरेजचे तेल कधी का लागत नाही हे विचारायचे त्याला सुचले नाही.

एका रविवारी ग्रामसभा भरली. शाळेच्या सभागृहात पंखे फिरत होते, पण वारा कुणाला लागत नव्हता. आरोग्य खात्याकडून एक साहेब आणि सुविधा नावाची डिचोलीकडची नर्स आली होती. म्हणणे साधे होते. गर्दच्या नादातून बाहेर पडणाऱ्यांना म्हापशाच्या केंद्रात रोज एक गोळी देतात, नर्सच्या समोर, जिभेखाली ठेवून. रोजच्या बसला कंटाळून मुले मध्येच सोडून देतात. तेव्हा हीच गोळी आंबेखणच्या उपकेंद्रात मिळायची सोय करावी, गावाने हो म्हणावे.

"गोळी घेतली म्हणून सगळे एका दिवसात सुधारतात असं नाही," सुविधा म्हणाली. "काहींना वर्षं लागतात. पण तोवर ते जिवंत राहतात. जिवंत राहिला तर कधीतरी सुटेल."

सरपंचाने कृष्णनाथाकडे पाहिले. अशा वेळी गाव त्याच्याकडेच बघे. तो उठला, खांद्यावरचा पंचा सारखा केला.

"बाय, तुमी शिकलेली माणसां," तो म्हणाला. "पण एक नशा सोडवूक दुसरी नशा? आमच्या पोरांच्या जिभेखाली सरकार गोळी ठेवतलां आनी आमी गाव म्हणान मान हालयतलों? आज गोळी देतलात, उद्यां सुयो वाटतलात. ह्या गावात असलां काय नाय. आमच्या गावात कोण मेलो नाय ह्या पायी."

शेवटचे वाक्य बोलताना त्याचे डोळे कमलकडे गेले आणि लगेच वळले. कमल बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसली होती. आदल्या दिवाळीत तिचा एकुलता स्वप्नील गेला. गावात सगळ्यांना ठाऊक होते की त्याला अटॅक आला, कारण कृष्णनाथानेच तसे सांगितले होते. प्रेत न्हाऊ घालताना पँटच्या खिशात, गर्द ओढताना खालून जाळतात तशी, काळवंडलेली चांदीच्या कागदाची पट्टी त्यालाच सापडली होती. ती त्याने मुठीत लपवली आणि चितेत टाकली. विधवा बाईची अब्रू वाचवली, असे तो स्वतःला सांगत आला होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुविधाने वाद घातला नाही. तिने फक्त मान वर केली आणि सभागृहाच्या अगदी मागे, दाराशी उभ्या असलेल्या कुणाकडे तरी पाहिले. माफी मागावी तसे पाहिले. कृष्णनाथाची नजर तिच्या नजरेमागून गेली. दाराशी साईश उभा होता.

टाळ्या अजून चालूच होत्या. कृष्णनाथ खाली बसला तेव्हा त्याचे कान तापले होते.

बापलेक घरी आले. अंगणात पाय धुताना कृष्णनाथाने विचारले, "ती तुका वळखता?"

"व्हय."

"गॅरेज?"

"गॅरेज नाय, बाबा."

"म्हणजे इतके म्हयने तू नशाच करतंस."

"गोळीन नशा येना. गोळी घेतंय म्हणान मी उबो आसंय. कोळमीत नाचतंय तो गोळीर नाचतंय."

"रोज घेवची पडता ती नशाच. औषधान माणूस बरो होता आनी औषध सुटता."

देवकी दारात आली. तिला सगळे ठाऊक होते, हे तिच्या तोंडावरूनच कळले. "तुमची प्रेशराची गोळी कितली वर्सां चल्ली?" तिने विचारले.

"तां येगळां," कृष्णनाथ म्हणाला. त्याने पंचाने पाय पुसले आणि तो आत गेला.

सोमवारी सकाळी त्याने साईशला देवळात नेले. साईश गेला, कारण दोन पावसाळे त्याने आईला जे रडवले होते त्याची भरपाई करायची त्याला दुसरी वाट दिसत नव्हती. बाबाजी पुजाऱ्याने नारळ ठेवला. पाचसहा मानकरी होते, दर्शनाला आलेली कमल होती. कृष्णनाथाने साईशचा हात नारळावर ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो लेकरू तुझ्या पायाकडे उबो आसा, तेच्या हातसून काय चुकला-माकला आसात..."

"व्हय म्हाराजा!"

इथवर ठीक होते. पुढे त्या वस्तूचे नाव घ्यायचे होते. गर्द. शब्द तोंडाशी आला आणि कृष्णनाथाच्या जिभेने पहिल्यांदाच माघार घेतली. देवाच्या समोर, मानकऱ्यांच्या देखत, गावकरांच्या घराला लागलेला तो शब्द त्याला उच्चारवेना. त्यापेक्षा दुसरा शब्द बरा होता. तो डॉक्टरी होता, स्वच्छ होता, कुणाच्याही घरात चालण्यासारखा होता.

"...तर आजपासून तेच्या जिभेखाली गोळी येव नये! आनी इलीच, तर तेच्या घरादाराक तुझी सत्ता तू दाखय!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. साईशने बापाकडे पाहिले. काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडले होते, पण नारळावर हात असताना कुणी मध्ये बोलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची बस साईशवाचून जाऊ लागली.

आधी नाकडोळे वाहू लागले. मग जांभया, एकामागून एक, जबडा निखळेल अशा. भर उन्हात त्याच्या हातांवर काटा यायचा. पोट धरून तो माडाच्या बुंध्यामागे पळायचा आणि परत येऊन कोळमीत उतरायचा, दोन पावले तुडवायचा आणि कठडा धरून उभा राहायचा. बोंडे आंबू लागली, त्यांवर चिलटे जमली. कृष्णनाथ स्वतः पायजमा वर करून त्याच्या शेजारी तुडवायला उतरला. ओठ आवळून सोसणाऱ्या मुलाचा त्याला अभिमान वाटत होता, आणि तो तसे बोलूनही दाखवायचा. "सोस, झिला. भायर पडता ती घाण." झोप येत नाही म्हणाला तर त्याने ताज्या उराकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा पेला भरला, त्यात लिंबू पिळले आणि आपल्या हाताने त्याला दिला. दारू घरची होती, परवान्याची होती. तिचे त्याला काहीच वाटले नाही.

हळूहळू जांभया थांबल्या. साईश जेवू लागला. फक्त बोलेनासा झाला. संध्याकाळी भट्टीच्या जाळासमोर बसायचा आणि भांड्यातून ठिबकणाऱ्या उराकाकडे पाहत राहायचा. कृष्णनाथाने तिठ्यावर चार जणांना सांगितले, "गोळी बंद केली, पोरगो सुटलो." त्यांनी मान डोलावली. त्या महिन्यात तो कधी नव्हे इतक्या ताठ मानेने चालला.

काजू सरत आला तेव्हा हरमलच्या एका तावेर्नात, दारूच्या गुत्त्यात, उराकाचे कॅन पोचवायचे होते. कृष्णनाथाची कंबर धरली होती. "तूच जा," तो साईशला म्हणाला. साईश थोडा वेळ स्कूटरची चावी हातात धरून उभा राहिला. "तुमी येवा मागे बसान," तो म्हणाला. "आता कित्याक भियेतंस?" बाप हसला. "सुटलंस मरे तू."

दुपारी स्कूटर परत आलेली दिसली, साईश दिसला नाही. देवकी जळण आणायला भट्टीमागे गेली आणि तिने अशी हाक मारली की कृष्णनाथाच्या हातातली टोपली सुटली. साईश लाकडांना टेकून बसल्यासारखा पडला होता. ओठ निळे, नखे निळी. मधूनच घशात घरघर होई आणि मग बराच वेळ काहीच होत नसे. पायाशी काळवंडलेली चांदीच्या कागदाची पट्टी होती. कृष्णनाथाने ती ओळखली, आणि या वेळी ती उचलून लपवावी असे त्याच्या मनात आले नाही. तो मुलाच्या गालांवर चापट्या मारत होता, छाती चोळत होता, त्याच्या नावाने ओरडत होता. ज्या जिभेवर गावाचा भरवसा, तिच्यावर साईश या एका नावापलीकडे शब्द येत नव्हता.

एकशेआठची गाडी आली. गाडीतल्या पोराने साईशच्या तोंडावर पिशवी दाबत श्वास दिला आणि दंडात सुई टोचली. साईशने गुदमरल्यासारखा एक मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि ओकला. देवकीने पदराने त्याचे तोंड पुसले.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात सुविधा आली. तिने साईशच्या कपाळावर हात ठेवला, बापाकडे रागाने पाहिले नाही. रागावली असती तर कृष्णनाथाला सोपे गेले असते.

"काका, गोळी बंद झाली की अंगाची सवय मोडते," ती म्हणाली. "पूर्वी पचायची तेवढीच पुडी मग मारते. वर पोटात उराक. आता पुन्हा गोळी चालू करू. यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

"करा," कृष्णनाथ म्हणाला.

"मी घेवचंय नाय," साईश म्हणाला. त्याचा आवाज घासल्यासारखा झाला होता.

"कित्याक रे?"

"देवाक शबद दिल्लो आसा. गोळी जिभेखाली येव नये. इली तर घरादाराक सत्ता दाखय म्हटलात तुमी. घरात आई आसा."

"आरे, पण पुडी? पुडी घेतलंस ती?"

साईश छताकडे पाहत राहिला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरेच सांगत होता. "पुडयेचां नाव तुमी काढूकच नाय, बाबा. गोळी म्हटलात. मी शबद मोडूक नाय."

कृष्णनाथ उठून खिडकीशी गेला. खाली म्हापशाचा रस्ता होता, माणसे पाव घेऊन घरी चालली होती. मुलाने त्याचा शब्द पाळला होता, अक्षरशः पाळला होता, आणि पाळता पाळता मरायला टेकला होता. आपली लाज वाचवायला आपण देवासमोर औषधाला बांधले आणि विषाला मोकळे सोडले, हे त्याला लख्ख कळले. हरमलला जायला सांगितले तेही आपणच. भ्यायला काय झाले, असे विचारून हसलो तेही आपणच.

त्याच संध्याकाळी तो बाबाजीच्या दारात गेला.

"शबद सोडवून घेवचो आसा," तो म्हणाला. "सकाळी लवकर, कोण नसताना. तू आनी मी."

बाबाजी म्हातारा पानाला चुना लावत होता. "कृष्णनाथा, तुका काय मी शिकवूचां? गावान व्हय म्हटलां, गावानच सोडूक जाय. आनी कसलो शबद, कित्याक बांधलो, कित्याक सोडतंस, तां नाव घेवन सांगूक जाय. झाकून घातलेलां गाराणां देव झाकूनच ठेवता."

"माका जमात?"

"तुका नाय जमात तर गावात कोणाक जमतलां?" म्हातारा म्हणाला, आणि पान तोंडात टाकून आत गेला.

सोमवारी देऊळ भरले होते. साईश इस्पितळातून आला ही बातमी पसरली होती आणि माणसांना बघायचे होते. तो खांबाला धरून उभा होता, सदरा अंगावर लोंबत होता. देवकी त्याच्या मागे. कृष्णनाथाने नारळ ठेवला. खांद्यावरचा पंचा काढून कमरेला बांधला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या पायाकडे मी एक शबद घातलंय. तो चुकलो. लेकराचो नाय, माझो चुकलो."

"व्हय म्हाराजा," काही जण म्हणाले, सवयीने.

"माझो झील गर्द ओढी."

कुणाचा तरी फोन वाजला आणि लगेच बंद झाला. कृष्णनाथ एक पाऊल पुढे सरकला.

"गर्द म्हणूक माका लाज वाटली, म्हणान मी गोळी म्हटलंय. ती गोळी तेचां औषध. माझ्या लाजेपायी लेकराचां औषध मी तुझ्याकडसून बंद केलंय, आनी लेकरू मराक टेकला. तर म्हाराजा, तो शबद सोड. गोळी तेका घेवंदी. काय सत्ता दाखवची ती माका दाखय."

तो थांबला. गाऱ्हाण्यात इथे गाव बोलते. गाव बोलले नाही. मानकरी एकमेकांकडे पाहत होते. एकाने पंचाने मान पुसली. व्हय म्हणायचे म्हणजे ग्रामसभेत वाजवलेल्या टाळ्या परत घ्यायच्या, आणि आपल्याही घरात कोण न्हाणीत फार वेळ बसतो ते आठवायचे. कृष्णनाथ हात जोडून उभाच राहिला. इतकी वर्षे त्याने वाक्य टाकले की उत्तर आले होते. न आलेल्या उत्तराचे काय करायचे हे त्याला ठाऊक नव्हते. मुलाकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

"व्हय म्हाराजा."

आवाज बाईचा होता. गाऱ्हाण्यात बायका बोलत नाहीत, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. कमल पुढे आली होती. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिने सावरला नाही.

"माझ्या स्वप्नीलाक अटॅक येवक नाय," ती म्हणाली. देवाला नव्हे, गावाला. "माका ठावक हुतां. आवयक कळाना काय? तुमी झाकलात, भावजी, माझ्या बऱ्यासाठी झाकलात. मीय झाकलंय. झाकून कोण परत इलो?" आणि मग देवाकडे वळून, गळ्याच्या शिरा ताणून, "व्हय म्हाराजा! सोड तो शबद!"

आधी बाबाजी म्हणाला. मग मागून कुणीतरी. मग बाकीचे, कमी-जास्त आवाजात, काही नुसते ओठ हलवून. कृष्णनाथ कमलच्या पायाशी वाकला तेव्हा ती मागे सरली. "माका नाका," ती म्हणाली. "थंयसर पंचायतीत सांगा, गोळी हंयच देवंदीत म्हणान. रोज म्हापशाक कोण जायत?"

"सांगतंय," तो म्हणाला. पुढच्या ग्रामसभेत त्याने ते सांगितलेही. तिथे टाळ्या झाल्या नाहीत, वाद झाला, आणि उपकेंद्राची गोष्ट अजून लोंबतेच आहे. पण ते नंतरचे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने बापलेक म्हापशाला गेले. केंद्र म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला बाके. मुले रांगेत बसली होती. एकजण बँकेतल्यासारखा इस्त्रीचा सदरा घातलेला, एकाच्या मांडीवर लहान मुलगी. सुविधाने गोळीचा चुरा केला. साईशने जीभ वर केली, तिने चुरा खाली सोडला.

"पूर्ण विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली. "गिळायचं नाही, बोलायचं नाही." हे तिने कृष्णनाथाकडे पाहून सांगितले.

दोघे बाकावर बसले. साईशचे गाल आत ओढलेले, डोळे समोरच्या भिंतीवर. कृष्णनाथ देवळात बोलला ते गावासमोर, देवाला. मुलाला अजून तो काहीच बोलला नव्हता. इस्पितळात नाही, बसमध्ये नाही. आता बोलावे, कारण आता उत्तर येणार नाही, असा भित्रा विचार त्याच्या मनात आला, आणि तो भित्रा आहे हेही त्याला कळले.

"चुकलंय मी, झिला," तो म्हणाला. "तुझां आयकून घेवक जाय हुतां. नारळार हात आसताना तू तोंड उघडलंस, तां माका दिसलां. दिसलां तरी मी फुडे गेलंय."

भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता. मांडीवरची मुलगी बापाच्या मिटलेल्या ओठांना बोट लावून बघत होती. कृष्णनाथाने हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाट पाहिली. देवळातल्या त्या शांततेपेक्षाही ही लांब वाटली. उठून बाहेर जावे असे त्याला वाटले, पण तो उठला नाही.

शेवटी साईशने जीभ फिरवून पाहिली, गोळी गेल्याची खात्री केली आणि आवंढा गिळला. मग बापाकडे न पाहता, हळू आवाजात म्हणाला,

"व्हय म्हाराजा."